थ्री-टार्गेट नळ्यांचा २०० लिटरचा सोलर: नॅनो थर पास, बाकीचं तपासून घ्या

पुण्यात पाणी तापवायचा सोलर बघायला दुकानात गेलात की पाचव्या मिनिटाला 'नॅनो कोटिंग' कानावर येतं आणि पाठोपाठ 'थ्री टार्गेट'. पत्रकावर नळीचा आडवा छेद काढलेला असतो, त्यात तीन रंगांत तीन थर, आणि किंमत साध्या नळ्यांच्या सोलरपेक्षा थोडी चढी. हा रिव्ह्यू त्या तीन थरांचा आणि त्यांच्याभोवती विकल्या जाणाऱ्या अख्ख्या संचाचा आहे: ५८ मिलिमीटर व्यासाच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या २० नळ्या, वर २०० लिटरची टाकी, पाणी थेट नळीत उतरणारा बिनदाबाचा प्रकार. ब्रँड कुठलाही असो, चार-पाच माणसांच्या घराला दुकानदार बहुधा हाच सुचवतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. नॅनो थर खरा आहे, थाप नाही, आणि आपलं काम चोख करतो. पण तो साध्या नळीतही असतोच. दोन्ही नळ्यांतला फरक आंघोळीच्या पाण्यापुरता फार तर दोन अंशांचा. सोलर चांगला चालणार की डोकेदुखी होणार हे ठरतं टाकीवर, नळीतल्या व्हॅक्यूमवर, तुमच्याकडे येणाऱ्या पाण्यावर आणि बसवणाऱ्याच्या हातावर.

नळी म्हणजे एकात एक बसवलेल्या बोरोसिलिकेट काचेच्या दोन नळ्या, मधली हवा काढून टाकलेली, थर्मासच्या बाटलीसारखी. काळा थर असतो आतल्या नळीच्या बाहेरच्या अंगावर, म्हणजे व्हॅक्यूमच्या बाजूला. त्याला पाणी लागत नाही, हवाही लागत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. थ्री टार्गेटमध्ये काचेला चिकटून तांब्याचा थर, त्यावर ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये स्टेनलेस स्टीलचे काही नॅनोमीटरचे कण विखुरलेला थर, आणि सगळ्यात वर नुसत्या ॲल्युमिनियम नायट्राइडचा पारदर्शक थर, जो ऊन परत उडू देत नाही. मधल्या थरातही दोन पदर असतात: खाली कण दाट, वर विरळ. तांबं, स्टील आणि ॲल्युमिनियम अशा तीन धातूंवर निर्वात कक्षात आयनांचा मारा करून हे थर चढवतात, म्हणून तीन टार्गेट. साध्या नळीत एकच धातू, ॲल्युमिनियम: तळाला शुद्ध, वर येताना नायट्रोजनचं प्रमाण वाढवत नेलेला. तिथेही ऊन शोषतात ते धातूचे बारीक कणच.

यात नवलाई किती, तर फारशी नाही. ऊन शोषायचं पण उष्णता बाहेर फेकायची नाही असा निवडक पृष्ठभाग इस्रायलच्या हॅरी टेबर यांनी १९५५ मध्ये मांडला. एका धातूच्या नळीचा थर चीनच्या छिंगह्वा विद्यापीठात यिन झिकियांग यांनी १९८०च्या दशकात बसवला. दाट-विरळ अशा दुहेरी पदराची कल्पना सिडनी विद्यापीठातल्या झांग आणि मिल्स यांची, १९९२ सालची. तेव्हा 'नुकतंच आलेलं तंत्रज्ञान' असं कुणी म्हणालं तर हसून पुढचा प्रश्न विचारावा.

कण इतके बारीकच का लागतात, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी गंमत तिथेच आहे. उन्हातली जवळजवळ सगळी ऊर्जा ०.३ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीत येते. तापलेली नळी जी उष्णता बाहेर टाकते ती ८ मायक्रॉनच्या आसपास. कण उन्हाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान असले की ते प्रकाश इकडेतिकडे न उडवता गिळतात. धातूतले इलेक्ट्रॉन हलतात आणि ती हालचाल तिथल्या तिथे उष्णतेत जिरते. उलट ८ मायक्रॉनच्या लहरीला शे-दीडशे नॅनोमीटरचा हा थर जणू दिसतच नाही, तिला खालचं चकचकीत तांबंच भेटतं. आणि जो पृष्ठभाग एखादी लहर परतवतो तो ती बाहेरही टाकत नाही. म्हणून थर उन्हाला काळा आणि उष्णतेला आरसा. आकड्यांत, उन्हाचे ९२ ते ९५ टक्के शोषण आणि उष्णतेचं उत्सर्जन ५ ते ८ टक्क्यांच्या घरात.

हा आरसा नसता तर काय झालं असतं? २० नळ्यांच्या आतल्या काचेचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस मीटर भरतं. ती ७० अंशांवर आणि बाहेर २० अंश धरले, तर साध्या काळ्या रंगाच्या नळ्यांतून नुसत्या उत्सर्जनाने दीड किलोवॅटच्या आसपास उष्णता निघून गेली असती, म्हणजे गीझर उलटा चालवल्यासारखं. निवडक थरात तोच आकडा शंभर-सव्वाशे वॅटवर येतो. उत्सर्जन ६ ऐवजी ८ टक्के असलं तर ३५-४० वॅट जास्त जातात. दिवसभरात त्याने साधारण एक अंश कमी होतो, आणि शोषणातल्या दोन टक्क्यांनी आणखी अर्धा-पाऊण. सिंगल (म्हणजे एका धातूची साधी नळी) आणि थ्री टार्गेटमधला फरक तो एवढाच. नळ्या रिकाम्या असताना २०० अंशांच्या वर तापतात, तिथे स्टीलवाला थर जास्त तग धरतो हा त्याचा खरा फायदा. पण नळ्या उन्हात रिकाम्या राहू देणं ही मुळातच चूक आहे.

दुकानात तपासायचं कसं? नळी हातात घ्या आणि उघड्या तोंडातून आत डोकावा. थ्री टार्गेटमध्ये आतून तांब्याची लालसर झाक दिसते, कारण काचेला लागून तांबंच आहे. सिंगलमध्ये आत चंदेरी दिसतं. बाहेरून दोन्ही काळपट-निळसर, बाहेरून काही कळत नाही. मग नळी उलटी करा. बंद टोकाच्या आत आरशासारखा चकचकीत डाग असतो. तो बेरियमचा, आत झिरपणारा वायू शोषून व्हॅक्यूम राखायला ठेवलेला. डाग पांढरा, खडूसारखा झाला असेल तर हवा आत शिरली आहे आणि ती नळी बाद. खोक्यातली प्रत्येक नळी बघून घ्या. वाहतुकीत टोकाला टिचकी लागली की हेच होतं आणि काच फुटलेली दिसतही नाही. गच्चीवर लागलेली नळी ओळखायची तर दुपारी बाहेरच्या काचेला हात लावावा. चांगली नळी हवेइतकीच कोमट लागते. जी हाताला चटका देते तिच्यात व्हॅक्यूम उरलेलं नाही, आणि मग आत तीन थर असोत की तेरा, थंडीत ती पाणी तापवण्याऐवजी निववते. नळ्यांसाठी आयएस १६५४३ हे भारतीय मानक आहे. खोक्यावर त्याची खूण बघावी.

आता टाकी. इथे पैसे खर्च करा. पहिली लबाडी लिटरमध्ये होते. ५८ बाय १८०० च्या एका नळीत २.७ लिटर पाणी मावतं, २० नळ्यांत ५४ लिटर. हे पाणी तळाला असतं आणि नळातून कधीच बाहेर येत नाही. काही जण ते धरून '२०० लिटर' सांगतात. प्रत्यक्षात टाकी दीडशेची निघते. नुसत्या टाकीची क्षमता बिलावर लिहून घ्यावी. आतली टाकी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक प्रत) ची असेल आणि पाणी महापालिकेचं असेल तर चालून जाते. बोअरच्या क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात मात्र ३०४ चे वेल्डिंगचे सांधे सुईच्या टोकाएवढी भोकं पडून गळू लागतात, आणि भोवती पफ (उष्णता राखणारा फोम) असल्यामुळे गळती कुठून होते तेही दिसत नाही, नुसता बाहेरच्या पत्र्यावर गंजाचा ओघळ येतो. अशा ठिकाणी ३१६ एल प्रतीच्या स्टीलची किंवा आतून एनॅमल केलेली टाकी घ्यावी. एनॅमलवाल्या टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. वर्षातून एकदा उघडून बघायचा आणि काडीसारखा झाला की बदलायचा. विक्रीनंतर हे कोणी सांगत नाही. पफची जाडी ५० मिलिमीटर हवी, आणि सगळीकडे सारखी. टाकीच्या दोन्ही बाजूंच्या झाकणांत पफ भरलाय का हे टिचकी मारून आवाजावरून कळतं.

पाणी किती तापतं? २०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ८ युनिट ऊर्जा लागते. २० नळ्यांवर उन्हाला सामोरं जाणारं क्षेत्र जेमतेम १.६ चौरस मीटर, त्यामुळे स्वच्छ हिवाळी दिवशी संध्याकाळी टाकीत ५० ते ६० अंश ही प्रामाणिक अपेक्षा. '८० अंश गॅरंटी' ही मे महिन्यातली गोष्ट, आणि मे महिन्यात ८० अंशांचं पाणी कुणाला हवंय? ५५ अंशांच्या पाण्यात २२ अंशांचं गार पाणी मिसळून ४० ला आणलं, तर हिशेबाने साडेतीनशे लिटरच्या वर आंघोळीचं पाणी मिळतं, म्हणजे वीसएक बादल्या. चार माणसांना पुरून उरतं. शॉवरवाल्या तरुण मंडळींचं गणित वेगळं.

बसवण्यात जे बिघडतं त्यातलं बहुतेक उंचीच्या हिशेबात बिघडतं. नळ्या दक्षिणेकडे तोंड करून ३० अंशांच्या आसपास तिरक्या ठेवल्या की सोलरच्या टाकीचा माथा गच्चीपासून पाच फुटांच्या वर जातो. गार पाण्याच्या टाकीचा तळ त्याच्याही फूटभर वर हवा, म्हणजे गच्चीपासून साडेसहा-सात फूट. जुन्या बंगल्यांत गार पाण्याची टाकी चार फुटी ओट्यावर असते. तिथे 'चालून जाईल' म्हणणाऱ्या फिटरला थांबवा, कारण सोलर अर्धाच भरेल, वरच्या नळांना धार येणार नाही आणि टाकीतला वरचा, सगळ्यात गरम पाण्याचा भाग रिकामाच राहील. पुण्यासाठी ३० अंश हा हिवाळ्याच्या बाजूने झुकलेला कोन आहे, आणि तेच बरोबर. गरम पाण्याची गरज डिसेंबरात असते.

बिघडायची दुसरी जागा व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतून हवा आणि वाफ ये-जा करायची उघडी नळी. तो गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच न्यायचा, तोंड खाली वळवायचं आणि जाळीशिवाय दुसरं काही लावायचं नाही. तोकडा ठेवला तर त्यातून पाणी वाहत राहतं. वाहतं म्हणून कोणी त्यात बूच मारलं तर त्याहून वाईट: खालून नळ सोडला की टाकीत पोकळी होते आणि आतला पातळ पत्रा डब्यासारखा चेपतो. गरम पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवला की हे हमखास घडतं, पंप पाणी ओढतो आणि हवा आत यायला वाट नसते. पंपाचं पाणी सरळ या सोलरमध्ये ढकलणं तर नकोच, कारण नळ्या टाकीत फक्त सिलिकॉनच्या रिंगांवर बसलेल्या असतात, दाब आला की त्या सुटतात. पंप हवाच असेल, किंवा तुम्ही अशा इमारतीत असाल जिथे पाणी कित्येक मजले वरून येतं, तर हीट पाइपवाला दाबाचा प्रकार घ्या. त्यात पाणी नळीत येतच नाही, नळी फुटली तरी टाकी रिकामी होत नाही.

नळ्या बसवायची वेळ सकाळी लवकर, ऊन यायच्या आत, नाहीतर संध्याकाळी. रिकामी नळी उन्हात तासभर राहिली आणि त्यात गार पाणी सोडलं की काच तडकते, आणि मग 'कंपनीचा माल खराब' म्हणून बोंब. वेळ नसेल तर नळ्यांवर जाड चादर टाकून काम करावं. बसवताना नळीचं तोंड साबणाच्या पाण्यात बुडवायचं आणि गोल फिरवत आत सारायचं. तेल किंवा ग्रीस लावणारा फिटर दिसला तर हात धरा: तेलाने रिंग फुगते आणि काही महिन्यांत ठिबकायला लागते. नळी जोर लावून सरळ ढोसली की रिंग दुमडते. ती गळती लगेच दिसत नाही, टाकी पूर्ण तापून पसरली की दिसते. सोलरला येणाऱ्या गार पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, आणि त्याच्याआधी हाताशी येईल असा वेगळा कॉक. एक नळी गारेने किंवा नारळाच्या झावळीने फुटली की सोलर तर रिकामा होतोच, पण कॉक नसेल तर मागची गार पाण्याची अख्खी टाकीही गच्चीवर वाहून जाते.

लाइनचंही बघा. पाऊण इंची सीपीव्हीसीच्या २० मीटर पाइपात पाच लिटरच्या आसपास पाणी बसतं. रोज सकाळी तेवढं गार पाणी आधी निघणार. 'सोलरचं पाणी उशिरा येतं' ही तक्रार नळ्यांची नसते, पाइपाच्या लांबीची असते. म्हणून सोलर गच्चीच्या मधोमध न ठेवता बाथरूमच्या डक्टच्या डोक्यावर ठेवावा, दक्षिणेचं ऊन मोकळं असेल तर, आणि गच्चीवरच्या पाइपावर फोमचं आवरण घालून घ्यावं.

क्षार हा या प्रकाराचा जुना वैरी. तापलेल्या पाण्यातले कॅल्शियमचे क्षार नळीच्या बुडाशी पांढऱ्या पुडीसारखे साचतात, मग शॉवरच्या भोकांत पापुद्रे येऊ लागतात. फ्लॅट प्लेटच्या (सपाट पेटीच्या सोलरच्या) बारीक तांब्याच्या नळ्यांपेक्षा या रुंद नळ्या हे जास्त सोसतात, त्यामुळे जड पाण्याला हाच प्रकार बरा. पण सोसतात म्हणजे किती, त्यालाही मर्यादा आहे. वर्षातून एकदा, ढगाळ दिवशी, दोन नळ्या काढून बघाव्यात. बोटभर थर असेल तर सगळ्या काढून सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्यात भिजवाव्यात. काथ्याने किंवा तारेने आत घासू नका; काळा थर आतल्या बाजूला नाही त्यामुळे तो खरवडला जाणार नाही, पण काचेवर ओरखडा पडला की पुढच्या तापण्यात चीर तिथूनच जाते. बाहेरची धूळ मात्र नियमित धुवा, आणि तीही सकाळी. रस्त्याकडेच्या सोसायट्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये धुळीचा थर इतका बसतो की सिंगल आणि थ्री टार्गेटचा सगळा फरक त्याखाली झाकला जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढग असले की पाणी कोमटच राहणार, कुठलाही नॅनो थर ढगाआडून ऊन ओढून आणत नाही. टाकीतला २ किलोवॅटचा विजेचा बॅकअप रॉड २०० लिटर पाणी १५ अंश चढवायला पावणेदोन तास घेतो, साडेतीन युनिट. तो चोवीस तास चालू ठेवला की सोलरचा गीझर झाला; टायमर लावा, पहाटेचा. मेमध्ये उलट त्रास: घर बंद करून गावाला गेलात तर पाणी उकळून व्हेंटमधून वाफ जाते. निघताना निम्म्या नळ्यांवर चादर बांधून ठेवावी.

'सोलरच्या पाण्यात नॅनो द्रव टाका, पाणी लवकर तापतं' असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. द्रवात कण मिसळून तोच द्रव उन्हात तापवायची कल्पना खोटी नाही. २०१२ मध्ये राइस विद्यापीठात नेओमी हॅलास यांच्या गटाने गार पाण्यातल्या सोन्याच्या आवरणाच्या नॅनोकणांवर ऊन पाडून वाफ काढून दाखवली. पण तिथे ऊन द्रवापर्यंत पोचतं. आपल्या नळीत ते आधीच काळ्या थराने गिळलेलं असतं, आतल्या पाण्याला अंधारच. वर हे पाणी तुम्ही अंगावर घेणार, शिवाय कण एकमेकांना चिकटून तळाला गाळ होणार तो वेगळाच. डब्यातल्या 'नॅनो सोलर रंगा'चंही तेच. काळा रंग ऊन भरपूर शोषतो, पण उष्णता तितक्याच उदारपणे बाहेर फेकतो. खाली धातूचा आरसा नाही तर कण कितीही बारीक असून उपयोग नाही.

गुण द्यायचे तर थराला दहापैकी नऊ, सिंगल असो की थ्री. किमतीतला फरक किरकोळ असेल तर थ्री घ्या. मोठा असेल तर ते पैसे ३१६ एल टाकीत घाला. पुणे महापालिका चालू सोलरवर मालमत्ता करात ५ टक्के सवलत देते, गांडूळ खत किंवा पर्जन्यजल प्रकल्प जोडीला असेल तर १० टक्के. त्यासाठी पावती आणि बसवल्याचा फोटो जपून ठेवा. वॉरंटी कार्डावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: टाकीची वर्षं, नळीतल्या व्हॅक्यूमची वर्षं, आणि काच फुटली तर नळीसोबत बसवणावळ कोण देणार. तिसरी ओळ जवळजवळ प्रत्येक कार्डावर कोरीच असते.